गेलेल्या गवताचे फोटो

आप्पा, परवा पनवेलमध्ये माझ्या फोटोंचं प्रदर्शन झालं. एकवीस फोटो, सगळे डोंगरावरच्या गवताचे. हिरव्या नव्हे, वाळलेल्या. तुमच्या भाषेत गेलेल्या. तुम्ही असतात तर दारातूनच परत फिरला असतात आणि आईला म्हणाला असतात, बघ, पोरीने आयुष्यभर काय केलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, मी साठी ओलांडली, तरी तुमच्याशी भांडायचं म्हटलं की माझा आवाज अजून तसाच चढतो. चढू दे. आता मला हळू बोल म्हणणारं घरात कुणी नाही.

दिवाळी झाली की मी निघते. कामोठ्याहून सकाळी पहिली रिक्षा धरायची, पळस्प्याला उतरायचं, गोव्याच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन डोंगराकडे वळायचं. निवृत्तीनंतर घेतलेला कॅमेरा गळ्यात, पायात मुलाचे जुने बूट, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. पावसाळ्यात या डोंगरांवर पाय ठेवायला जागा नसते, अख्खी मुंबई धबधब्याखाली बसून हिरवं हिरवं करत असते. दिवाळीनंतर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सून विचारते, आई, त्या रखरखाटात काय आहे बघण्यासारखं? अगं काय नाही ते विचार! एकाच उतारावर कांद्याच्या सालाचा रंग असतो, विटेचा असतो, खूप उकळलेल्या चहाचा असतो. ऊन तिरपं असतं तोवर, म्हणजे नऊच्या आत, कुसळांच्या टोकांना उजेड लागतो आणि सगळा माळ आतून तापल्यासारखा दिसतो. सागाची पानं किडीने खाऊन जाळी झालेली असतात, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. मी गुडघ्यावर बसून, कधी चक्क पालथी पडून फोटो काढते. वाडीवरच्या बायका मला तशी बघून काय हरवलंय म्हणून विचारतात. एकदा तर दोघी माझ्याबरोबर शोधायलाही लागल्या होत्या.

तुमची गवताची वखार होती आणि आसपासच्या गावांत तुमच्या डोळ्याला मान होता, हे मी नाकारत नाही. लांबून नुसता माळ बघून सांगायचात, हा आज कापा, तो चार दिवसांनी. फुलोरा येऊन दाणा भरेपर्यंतच गवतात जीव. त्यापुढे लाली चढते, कुसळ कडक होतं, म्हशीच्या हिरड्यांत रुततं आणि म्हैस तोंड लावत नाही. लाल झालं की तुम्ही म्हणायचात, गेलं. माणूस गेला म्हणतात तसं म्हणायचात. आणि त्याच डोळ्याच्या जोरावर तुम्ही माझ्या डोळ्याचा निकाल लावलात, तो मी आजतागायत मानलेला नाही.

मी सतरा वर्षांची आहे. तुम्ही हिवतापाने अंथरुणात, अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजतायत. चुलतभाऊ परीक्षेला गेलेला, म्हणून नाइलाजाने मला बोलावता आणि सांगता, मुकादमाबरोबर वर जा, कुठला उतार कधी धरायचा ते बघ. जो आधी पिकेल तो आधी. मुकादम म्हणजे वाडीवरचा तो सुकट माणूस, स्वतःची वीतभर जमीन नसलेला, दरवर्षी मजुरांची टोळी घेऊन आपलं गवत कापायला यायचा. आम्ही वर पोचतो तेव्हा ऊन नुकतंच आलेलं असतं. खालचे दोन उतार अजून हिरवट आहेत. वरच्याला लाली लागलीय, पुरती नाही, पाण्यात कुंकू सांडावं एवढीच. टोळी विळे घेऊन माझ्या तोंडाकडे बघतेय. मी खालचे दोन आधी कापायला लावते, वरचा शेवटी. मग आठ दिवस मी डबा घेऊन रोज वर जाते आणि त्या उताराकडे बघत जेवते. रोज तो आदल्या दिवसापेक्षा लाल. मला घास गिळायचं भान राहत नाही. आप्पा, इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

नवव्या दिवशी तो कापला, वखारीत दाबून गाठी बांधल्या, ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी भरलेलाच परत आला. तसाच वखारीसमोर उभा राहिला. बाजारात येणारा-जाणारा बघून गेला. तुमच्या नावाचं गवत कधी परत आलं नव्हतं, तुम्ही तापातून उठून बाहेर आलात आणि आवारात मुकादमाला सगळ्यांसमोर फाडून खाल्लंत. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात, मी चुलीपाशी बसून परकराच्या घेरातली कुसळं उपटत होते, तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही आईला म्हणालात, "हिच्या डोळ्यांना गवत कळत नाही. उद्यापासून हिने वखारीत पाय ठेवायचा नाही." आईने तुम्हाला अजून थोडा भात वाढला.

झालं. त्या एका वाक्यावर माझं सगळं पुढचं ठरलं. कॉमर्स, मग कचेरीतली खुर्ची, मग लग्न. वखारीच्या गादीवर चुलतभाऊ बसला, आणि त्याने वखारीचं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघून गेलात. मी कधी त्यावर बोलले नाही. आज बोलते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला, तेव्हा रंग किती दिवस उशिरा चढेल ते मी घरबसल्या सांगितलं होतं आणि दोन दिवस इकडेतिकडे तसंच झालं. कुठल्या उतारावर माती पातळ आहे, कुठे आधी लाली येणार, मला लांबून कळतं. हा डोळा तुमचाच आहे. तुम्ही रंग चढायच्या आत विळा घालायचात. म्हणजे उभा जन्म गवताचा धंदा करून तुम्ही एकदाही माळ पुरता लाल झालेला बघितला नाहीत! याची मला पूर्वी मजा वाटायची. आता तुमची कीव येते, आणि राग तर येतोच येतो.

प्रदर्शनात मधोमध लावलेला फोटो त्याच वरच्या उताराचा होता. खाणीने त्याची एक बाजू खाल्लीय, उरलेला तसाच उभा आहे, आता कापायलाही कुणी येत नाही. संयोजकांनी त्याखाली ‘निसर्गाची सुवर्ण किमया’ अशी पट्टी लावली होती. मी ती काढून टाकली आणि ‘गेलेलं गवत’ लिहून लावलं. ते नाराज झाले, झाले तर झाले. दुसऱ्या दिवशी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पूर्वी त्यांच्या घरी म्हशी होत्या. त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, बाई, नाव बरोबर दिलंत, हे दिवाळीच्या आतच कापायला हवं होतं. तुम्हीच बोलताय असं वाटलं मला. मी फटकन म्हटलं, "माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं."

त्यांना काही कळलं नाही, ते पुढच्या फोटोकडे गेले. मी मात्र तिथेच खिळले. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या सकाळी मुकादम मला म्हणाला होता, "बाय, वरचा आदी धरूया. चार दिस थांबलो तर हातचा जाईल." आणि मलाही ते दिसत होतं. त्याच्याइतकं, तुमच्याइतकं स्पष्ट दिसत होतं. तरी मी त्याला सांगितलं, आप्पांनीच निरोप दिलाय, वरचा शेवटी. तुमचं नाव काढल्यावर त्याने टोळीला खालच्या उताराकडे वळवलं. मला तो उतार लाल झालेला बघायचा होता, बस, एवढंच कारण. ट्रक परत आला त्या दिवशी तुम्ही आवारात त्याला विचारलंत, पोरीला कळत नाही, तुला काय धाड भरली होती? तुमचाच निरोप होता, एवढं म्हणाला असता तर सुटला असता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चुकला माजा, शेट." पुढच्या वर्षी तुम्ही दुसरी टोळी आणलीत.

उतार राखला याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा सतरा वर्षांची झाले तर पुन्हा राखीन आणि तुमच्या तोंडावर सांगेन की मी राखला, डोळे उघडे ठेवून राखला. पण तो मान खाली घालून आवारातून बाहेर पडला, त्याच्यामागून त्याची बायको कडेवर पोर घेऊन, तेव्हा मी दारामागे उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता दर वर्षी त्याच वाडीवरून डोंगरावर जाते. बायकांशी गप्पा मारते, त्यांच्याकडचं पाणी पिते, पण त्याची चौकशी करायचं धाडस होत नाही. खरं सांगू का, आप्पा, हे पत्र मी त्यालाच लिहायला बसले होते. वर नाव घालायला गेले आणि हात थांबला. आम्ही सगळे त्याला मुकादमच म्हणायचो. त्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.