मामाची मुलगी परकी कशी?

१७ जून २०२५, कारेगाव
सातवं फ्रॅक्चर. माझी राजनंदिनी सहा वर्षांची आणि हाडं मोडली सात वेळा. या खेपेला तर शाळेचे मोजे घालताना पाय मोडला. शाळा सुरू होऊन एकच दिवस झाला होता!
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकट्या मुलीसाठी औषध कोण शोधणार? अशी मुलं एका यादीत आली की संशोधन करणारे पुढं येतात." त्या यादीला रजिस्ट्री म्हणतात. नवऱ्याची, माऊलींची कारखान्यात फर्स्ट शिफ्ट, म्हणून दहा पानी फॉर्म मीच भरला. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले आहेत का? — नाही.

२४ जून
रजिस्ट्रीतून स्वीटी म्हणून एका मुलीचा फोन. आईबाप दोघांकडून दोष आला तरच ठिसूळ हाडांचा हा प्रकार होतो म्हणे. "ताई, लग्नाआधी तुमचं काहीच नातं नव्हतं?"
मी म्हटलं, परकं कुणी नाही, माझे आतेभाऊच ते. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या.
"मग रक्त एकच झालं की, ताई."
मला पटेना. भावकी वेगळी, आडनाव वेगळं, देवक वेगळं — रक्त एक कसं? मग तिनं नीट समजावलं: आत्या आणि माझे वडील एकाच आईबापांची लेकरं, तोच दोष दोघांकडून खाली आला असणार. लेकीच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं, तेही छाती पुढं काढून.
आता तपासणीसाठी आत्याचं आणि माझ्या वडिलांचं रक्त लागणार. त्याशिवाय राजनंदिनीला संशोधनात घेणार नाहीत.

२५ जून
आत्या भडकली. "आपलं नाव यादीत? न्हाई म्हंजी न्हाई."
खरी गोम मला माहीत आहे. दिवाळीनंतर धाकट्या दिराचा, सत्यजीतचा साखरपुडा आहे. माझ्याच बहिणीशी, अनिताशी. परत मामाचीच मुलगी! रात्रभर डोळा लागला नाही.

२६ जून
अबोला. भाजी खारट झाली, आत्यानं पाणी ओतून खाल्ली.

२९ जून
राजनंदिनीनंच स्वीटीला फोनवर विचारलं, "माझ्यासारखी अजून किती हायेत?"
आमच्या यादीत या प्रकारची एकवीस, ती म्हणाली.
"मंग मी बावीस!" पोर इतकी हरखली की प्लॅस्टर विसरून उठायला निघाली. आजवर तिला वाटायचं, जगात ती एकटीच. मला रडू आलं. आत्या तिथंच शेंगा फोडत होती. शेंगा तशाच टाकून उठून गेली.

३ जुलै
आत्या न सांगता सकाळच्या एसटीनं कवठ्याला, माझ्या माहेरी गेली. संध्याकाळी माझ्या वडिलांना घेऊनच परतली. मला म्हणाली, "साखरपुडा थांबवलाय. आधी सत्यजीतचं आन् अनिताचं रक्त तपासू. उद्या आमचं दोघांचंबी घ्यायला सांग. आन् फॉर्मात सोजरचं नाव लिही. आमची थोरली बहीण. तिचीबी हाडं अशीच मोडायची, पाचव्या वर्षी गेली. तवापास्नं घरात तिचं नाव कुणी काढलं न्हाई."