टोळीतला चौथा माणूस

मी, मोतीराम कारभारी दाभाडे, वय अठ्ठ्याऐंशी, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. कुणाचा दाब नाही. मुलगा राजेंद्र शेजारच्या खोलीत बातम्या बघतो आहे.

१. राहते घर राजेंद्रला द्यावे. सोयरिकीत त्याने 'वडील रेल्वेत होते' असे सांगितले, तरी द्यावे. मी रेल्वेत नव्हतो. तरुणपणी मुंबईत रहस्यपटांत बॉसच्या मागे पट्ट्यापट्ट्यांचे बनियन घालून उभा राहायचो. मूळचा काळा, त्यावर मेकअपवाला आणखी काळे फासायचा. टोळीत एक गोव्याचा ख्रिश्चन बँडवाला, एका चिनी दंतवैद्याचा मुलगा, एक हैदराबादी पैलवान आणि चौथा मी. डबा एकत्र खायचो. साऱ्या मुलखाची माणसे अड्ड्यावर. हिरोच्या घरात मात्र आईपासून माळ्यापर्यंत सगळे गोरे. बॉससुद्धा गोराच! याचा मला राग होता, अजून आहे.

२. ते बनियन कुणी जपून ठेवू नये. फरशी पुसायला घ्यावे.

३. रोख ठेव सगळी नात अमृताला. ती नाटक शिकली, मुंबईला जायचे म्हणते. परवा राजेंद्र तिला म्हणाला, "ह्या रंगावर मोलकरणीबिगर काय मिळणार हाय तुला?"

ती म्हणाली, "करीन की. पण त्या बाईचं नाव काय, ते आधी इचारीन, पप्पा."

मी भिंतीआडून ऐकले आणि हे कलम तिथेच ठरले. तिने चोर व्हावे, खुनी व्हावे, मोलकरीण व्हावे. पात्राला नाव असावे, एवढीच अट. लग्नाच्या नावाखाली राजेंद्रने ही ठेव मोडू नये.

४. माझे नाव कुठल्याच सिनेमात आले नाही. नावांच्या शेवटी 'आणि इतर' अशी पाटी यायची. माझी पत्नी, कैलासवासी नव्हे (कैलास तिने कधी मानला नाही), दिवंगत गीताबाई, तिकडे बोट दाखवून म्हणायची, "त्ये बघा, तुमी." मग पडद्यावर मी गोळी खाऊन पडलो की लहानग्या राजेंद्रला मांडीवर घेऊन भर टॉकीजमध्ये ओरडायची, "अवं, उठा की! राजू रडायलाय!" लोक हसायचे. मला फार बरे वाटायचे.

टॉकीजमध्ये ओरडण्याचा गीताबाईचा हा हक्क मी राजेंद्रला देतो. अमृताचे नाव पडद्यावर येईल तेव्हा त्याने उभे राहून तो बजावावा. लोक हसले तरी खाली बसू नये.

सही: मोतीराम कारभारी दाभाडे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. तात्यासाहेब भिकाजी साळवे, हर्सूल
२. करुणा अप्पाराव म्हस्के, शेजारी

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५