सूर्य मावळायच्या आत

कोरेगाव, १० जुलै

चि. चंदना हिस दादाचे आशीर्वाद.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून कागद घेतला. तुझ्या भाचीचे, पद्मजाचे लग्न दिवाळीनंतर ठरले. पंगतीत पहिली जिलेबी नवरीच्या आत्तीने वाढायची, ही आपल्या घरची रीत, म्हणजे मान तुझा. पण आक्काताई आत्तींचा सांगलीहून निरोप आला की चंदनाला मानाने बसवा, वाढायला लावू नका. हातावरचे कोड बघून व्याही ताटावरून उठतील म्हणे.

बाबांच्या मागे घरात त्याच वडीलधाऱ्या. मी गप्प बसलो. बहीण नायब तहसीलदार म्हणून गावभर मिरवतो आणि घरात मात्र तोंड उघडत नाही. तू रागाव, पण लग्नाला ये.

तुझा,
श्रेणिकदादा

मिरज, १८ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावले नाही. हातावर महाराष्ट्राचा नकाशा पुरा होत आला आहे, कोकण तेवढे राहिले आहे. लग्नापर्यंत तेही उमटेल, मग व्याह्यांना भूगोल शिकवीन.

मुले घाबरतील म्हणून त्या शाळेने मला मास्तरीण केले नाही, त्या रागातच मी स्पर्धा परीक्षेला बसले. नाहीतर आज पाढे घोकून घेत असते. इथे रुजू झाले तेव्हा पेढे वाटले, कुणी उचलला नाही. सगळा खोका मीच संपवला आणि साडीचे ब्लाउज उसवून घ्यावे लागले. आता लोक अर्ज घेऊन येतात, हाताकडे बघतात आणि सही झाली की हात विसरतात. एवढ्यावर माझे भागते.

पण खरे सांगू? ती जिलेबी मला वाढायची होती. ऑफिसात साहेब झाले, घरात एकदा आत्ती व्हायचे होते.

वहिनींचे लाडू येत राहावेत, माझा लोभ आपोआप वाढेल.

तुझी,
चंदना

मिरज, १४ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पुराची काळजी करू नकोस, आत्ती सुखरूप आहेत. नदीकाठची त्यांची गल्ली पाण्यात गेली आणि त्या नेमक्या शाळेतल्या माझ्या पूरग्रस्त छावणीत आल्या. जेवणाची वेळ मीच ठरवली होती, सगळ्यांना रात्री आठ. जैनाची पोर मी, आणि दिवस मावळल्यावर आपली माणसे तोंडात काही घालत नाहीत, हेच विसरले. त्यात चातुर्मास. आत्ती सकाळपासून उपाशी, ऊन खिडकीच्या गजावर आलेले, जेवणाची गाडी पाण्यापलीकडे अडकलेली.

शेवटी पदर खोचला आणि शाळेच्या चुलीवर मुगाची खिचडी टाकली. वाढायलाही मीच. आत्तींच्या ताटाशी आले आणि पळी थांबली. त्यांनी माझ्या हाताकडे बघितले, मग खिडकीकडे, आणि म्हणाल्या की सूर्य काय तुज्यासाठनं थांबतोय व्हय, वाड.

त्या जेवल्या. पुन्हा ताटही पुढे केले. भूकच तेवढी असणार, आणि मी साहेबीण असून पळी घेऊन खांबाआड रडले. जिलेबीचे मनावर घेऊ नकोस. मी मानाने बसेन.

तुझी,
चंदना

सांगली, ५ सप्टेंबर

चि. चंदनास आक्काताईचा आशीर्वाद.

घरातला गाळ निघाला. भिंती ओल्या हायत, मी बरी हाय. तुजी पत्रं श्रेणिकनं मला वाचून दावली, त्याला बोलू नगंस. पहिल्यांदाच त्यानं माज्यापुढं तोंड उघडलं.

खिचडीत मीठ कमी हुतं. एवढी मोठी साहेबीण झालीस, मिठाचा अंदाज न्हाई.

आनि एक. पहिल्यांदा खाल्ली ती भुकेनं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा ताट पुढं केलं तवा पोट भरलं हुतं.

लग्नात जिलेबी तूच वाडायचीस. व्याही उठला तर त्याच्या जागेवर मी बसते. शेवटची पंगत तेवढी दिवस मावळायच्या आत उठव, वेळ इसरायची तुला खोड हाय. माया करत ऱ्हा.

तुजी,
आत्ती