काळ्या डोळ्यांचा जवळा

काळाचौकी. गुरुवार, दिवेलागण.

चैन पडत नाही. उद्या हरताळ. दगडफेकीत प्रयोगशाळेच्या काचा पुन्हा फुटतील म्हणून सरांनी बरणी माझ्याबरोबर घरी धाडली. दक्षिण महासागरातून, पार बर्फाच्या कडेवरून जहाजाने आणलेले कोळंबीसारखे जीव, औषधात बुडवलेले. तीन आठवडे मी तेच तपासतेय. सगळे एकाच जातीचे, असा अहवाल सोमवारी माझ्या सहीने गेलासुद्धा.

आईने बरणी खिडकीशी धरली. "खंयचो गो ह्यो जवळो?"

मी हसत सांगितलं. ती हसली नाही. बरणी फिरवत म्हणाली, "ह्यो एका जातीचो नाय. ह्येंचे डोळे बघ, मोठे काळे. त्येंचे बारीक."

जन्मभर जवळा निवडणारी बाई. मी भिंग घेऊन बसले. खरंच, मोठे काळे डोळे. चार-पाचांत एक तरी. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाय नि मिशा मोजत बसले, आणि डोळे? ते तर माझ्याकडेच बघत होते!

अहवाल चुकला हे सरांना सांगणारच, त्याची भीती नाही. मग कसली? मघापासून मनात वाक्य जुळवतेय: "सर, पुन्हा तपासताना माझ्या लक्षात आलं." माझ्या?

मुंबई कष्टकऱ्यांची, असं ओरडून घसा बसवून बाबा मोर्चातून आले. आई त्यांना वाढतेय. तिथूनच मला म्हणाली, "सायबाक सांग हां, डोळे बघूक."

मी हो म्हटलं. कोणी सांगितलं ते सांगशील का, हे तिने विचारलंच नाही.