निधनाची वेळ : सकाळी दहा

२ जून २०२५, सोमवार

पोचले बाई एकदाची चेन्नईला! गाडी दोन तास उशिरा, बॅगेत शेंगाचटणीची बरणी उलटलेली, सगळ्या ओढण्या तिखट. तरी अर्धी चटणी वाचली, म्हणजे सोलापूरची अब्रू वाचली.

नुंगंबाक्कमचं ऑफिस लहानसं आहे. दुसरा मजला, खाली इस्त्रीवाला आणि चहाचं दुकान. माणसं मोजून सात. मालक कृष्णस्वामी सर कपाळाला विभूती लावतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांना फोनवर पटवतात. माझा सीनियर हरिप्रसाद कमी बोलतो, पण कोड झकास लिहितो. तीन महिन्यांची वेब डेव्हलपमेंटची इंटर्नशिप. चांगलं काम केलं तर कायम करू, असं सर म्हणाले. करतीलच, न करून सांगतात कुणाला!

राहायला अड्यारला, सीतालक्ष्मी मावशींच्या घरी. या तंजावरच्या मराठी, पिढ्यान् पिढ्या इथल्याच. ‘जेवण जाहलं का कण्णा’ असं विचारतात, कण्णा म्हणजे बाळ. मला आधी हसू आलं, मग एकदम घरची आठवण आली. चटणी दिली तर त्यांनी भातावर तेल घालून कालवून खाल्ली. असू दे, पावली एकदाची.

४ जून, बुधवार

इथे माणूस गेलं की गल्लीतल्या भिंतींवर त्याच्या फोटोची मोठी पोस्टरं लागतात. ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. आमच्या एका गिऱ्हाइकाने हेच इंटरनेटवर आणलंय. फॉर्ममध्ये नाव, फोटो, निधनाची तारीख आणि वेळ भरली की गेलेल्या माणसाचं पान तयार. खाली लोक शोकसंदेश लिहितात.

माझं पहिलं काम वेळेचं. सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे चालतं, जगभर तशीच पद्धत आहे. त्यामुळे कुणी दुपारी तीनला संदेश टाकला की पानावर सकाळचे साडेनऊ दिसतात. संदेशांच्या वेळा मी आज दुरुस्त केल्या. निधनाच्या वेळेचं तेवढं राहिलं, ते पुढच्या आठवड्यात. हरिप्रसादने मान डोलावली. या माणसाची मान डोलावणं म्हणजे पद्मश्रीच समजायची.

९ जून, सोमवार

आज नवीन फॉर्म तपासायचा होता. हरिप्रसादने बजावलं, तपासताना जिवंत माणसाचं नाव घालायचं नाही. त्याच्या आजोबांचं नाव ठरलेलं आहे, तेच सगळे वापरतात. का, म्हणून विचारलं तर उठून पाणी प्यायला गेला.

मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. आईनं याच पायी मला लहानपणी किती बदडलंय! घातलं माझंच नाव. ऋजुता अशी अशी, सोलापूर. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी तशीही मेल्यासारखीच दिसते. तारीख २७ जून, आईचा वाढदिवस, लक्षात राहायला सोपी. वेळ सकाळी दहा, ऑफिसची. पान छान उघडलं. पुसायला गेले तर पुसेना. उद्या बघू.

१२ जून, गुरुवार

पान अजून पुसलं जात नाही. डेटाबेसमधून ओळच उडवली, चहा पिऊन आले, पुन्हा हजर.

आज त्यावर पहिला शोकसंदेश आला. सीतालक्ष्मी मावशींच्या नावाने: ‘पोर चटणी बरी करीत होती. तिची बरणी धुवून ठेविली आहे.’ खाली तारीख २८ जून. आज बारा आहे!

घरी जाऊन मावशींना विचारलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यांनी इंटरनेट म्हणून कधी पाहिलेलं नाही. मी काय केलं ते सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. जिवंत माणसाचं नाव त्या भिंतीवर लावूं नये, एवढंच म्हणाल्या आणि देवापुढे जाऊन बसल्या. मी म्हटलं, मावशी, ती भिंत नाही, कॉम्प्युटर आहे. पण रात्री जेवण काही गेलं नाही मला.

१६ जून, सोमवार

अंगठ्याचं हजेरी यंत्र माझा अंगठा घेत नाही. बाकी सगळ्यांचा घेतं. अशी व्यक्ती नाही, म्हणतं. मी वहीत सही केली, चांगली अर्धं पान भरून!

नऊ संदेश झाले. आठवा आईचा. आईला मी घरी ज्या नावाने हाक मारते ते नाव खाली, आणि वर एकच ओळ: ‘वाढदिवसाला फोन करते म्हणाली होती, केला नाही.’

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि हरिप्रसादला जिन्यात गाठलं. म्हटलं, आता खरं सांग, नाहीतर सगळ्या ऑफिससमोर बोंब ठोकीन.

त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दर्शन म्हणून इंटर्न होता. त्यानेही गंमत म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं, वेळ अकराची. भरलेल्या तारखेलाच तो खाली चहाला उतरला आणि शेजारच्या इमारतीची परांची त्याच्यावर कोसळली. सरांना सगळं सांगून झालं, ते योगायोग म्हणतात. गिऱ्हाईक मोठं आहे ना.

अजून एक सांगितलं. पान पुसता येत नाही, पण त्यावरचं नाव बदलता येतं. फक्त नवं नाव जिवंत माणसाचं हवं. दर्शनने घाबरून एक दिवस हरिप्रसादचं नाव घातलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच राहवलं नाही, त्याने ते काढून परत स्वतःचं घातलं. हे सांगताना हरिप्रसाद भिंतीकडे बघत होता.

१८ जून, बुधवार

हरिप्रसादच्या वारलेल्या आजोबांचं नाव घातलं. तासाभरात परत माझं.

कंपनीचं नाव घातलं. परत माझं.

शिवी घातली, खास सोलापुरी. परत माझं. पण जिवाला बरं वाटलं.

मग विचार केला, सोलापूरला पळून जावं. पण पानाला सोलापूर काय नि चेन्नई काय! आणि तिथे आईच्या डोळ्यांदेखत काही झालं तर? नाही. इथेच बसणार. बघूया कोण कुणाला पुरतं ते.

२० जून, शुक्रवार

अड्यारच्या बसथांब्यामागच्या भिंतीवर माझं पोस्टर. कॉलेजचा फोटो, भोवती झेंडू छापलेले. भर सकाळी, शाळेची मुलं समोरून जाताहेत.

फाडलं. संध्याकाळी तिथेच नवीन, खळ ओली.

पर्समधलं पेन काढून त्याला झुपकेदार मिशा काढल्या. लोक बघत होते. बघू देत! माझा फोटो, माझ्या मिशा.

२३ जून, सोमवार

नवीन इंटर्न आली, तनया. पुण्याची. शेजारच्या खुर्चीत बसते, दिवसभर बडबडते, माझी चटणी न विचारता खाते. हिचं नाव, फोटो, सगळं कंपनीच्या फोल्डरमध्ये आहे.

हरिप्रसाद हळूच म्हणाला, माझ्याकडून अपेक्षा नको, पण तू काय करशील ते मी पाहणार नाही. मला त्याचा राग आला. आणि तो बोलला तेच माझ्याही मनात आधीपासून होतं, याचा जास्त राग आला.

२५ जून, बुधवार

संदेश एकेचाळीस. वाचणं बंद केलंय.

मावशींनी गळ्यात ताईत बांधला. मी बांधू दिला. मी!

२६ जून, गुरुवार

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तनयाचं नाव टाइप केलं. फोटो लावला. फक्त बटण दाबायचं होतं. मला जगायचंय. तेवीस वर्षांची आहे मी, अजून समुद्रसुद्धा नीट बघितला नाही, रविवारी जाऊ जाऊ म्हणत राहिला.

तेवढ्यात तनया डबा घेऊन आली. तिच्या आईने पुण्याहून पाठवलेल्या गुळपोळ्या. दोन माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, तू जेवली नाहीस ना.

नाव खोडलं. गुळपोळी खाल्ली.

कुणाचं नाव घालणार नाही. मेले तरी. हे मी शाईने लिहून ठेवतेय.

२७ जून, शुक्रवार

सकाळी ९:५०. खिडकीपासून लांब, पंख्याखाली नाही, जिन्याजवळ नाही. खुर्चीत मांडी घालून बसलेय. हरिप्रसाद समोर उभा, हातात प्रथमोपचाराची पेटी. वेडा.

९:५९. ये म्हणावं.

१०:००.

१०:०१. आहे!

१०:१०. आहे मी! हरिप्रसाद रडला चक्क. मग खालून सगळ्यांसाठी रवाकेसरी, म्हणजे आपला शिरा, मागवली. तनयाला काहीच कळेना, तिने दोनदा घेतली.

आईला फोन केला. शाळेत शिकवते ती, वर्गावर होती, तिने कट केला. मेसेज आला: संध्याकाळी कर, निवांत बोलू. ठीक आहे, संध्याकाळी करते. बालवाडीपासूनचं सगळं बोलणार आज.

३:२०. सरांनी विचारलं, निधनाच्या वेळेचं ते राहिलेलं काम केव्हा करणार, गिऱ्हाईक ओरडतंय. आनंदात होते, लगेच घेतलं. सोपं आहे. फॉर्ममध्ये भरलेली वेळ सर्व्हर त्याच्या घड्याळाची धरतो. आपल्या घड्याळाची हवी तर साडेपाच तास मिळव—

दहा अधिक साडेपाच.

हरिप्रसादला विचारलं. दर्शन चहाला उतरला तो सकाळचा चहा ना? नाही म्हणाला. संध्याकाळचा. साडेचारचा. तारीख जुळली एवढंच तो धरून बसला होता, वेळ कधी ताडून पाहिली नव्हती. आणि मग त्यालाही कळलं.

३:२७. पान समोर उघडं आहे. तनया शेजारी, सकाळची उरलेली केसरी खातेय. नाव बदलायला दहा सेकंद पुरतात.

नाही. उजव्या हातात मुद्दाम पेन धरलंय. पेन धरलेल्या हाताने बटण दाबता येत नाही.

तनयाला हरिप्रसादबरोबर खाली पाठवलं, इस्त्रीवाल्याकडे. कसली इस्त्री, विचारत गेली—

खूप भीती वाटतेय. पण त्या पानाची एक ओळ तरी खोटी पाडणार. एकच.

आईला लावलाय. डावा हात, कानाला. रिंग.

वरच्या मजल्यावर काहीतरी सरकतंय, जड. छताची माती वहीवर—

३:२९. उचल गं. वर्ग राहू दे. उचल

उचलला!

आई, वाढदि—