एक वेढा जास्त

आई, गेल्या रविवारी मी झुल्यातून पडले. तू असतीस तर आधी पाठ चोळून दिली असतीस आणि मग, या वयात झाडाला लटकायचं काय नडलं होतं, असं विचारलं असतंस. लागलं फारसं नाही, खाली सागाचा पाचोळा होता. पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, आणि का नाही ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही.

मुलं बाहेरगावी गेल्यापासून मी एका गटाबरोबर काटोल रोडकडच्या जंगलात मुक्कामाला जाते. सगळं सामान आपल्याच पाठीवर, म्हणून जे न्यायचं ते हलकं. झुला इतक्या पातळ कापडाचा की घडी केली तर ओंजळीत मावतो. लोखंडी आकडे, कड्या कुणी नेत नाही, वजन होतं. झाडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, म्हणजे साल सोलत नाही. त्या पट्ट्याला बारीक दोरी लावायची आणि दोरीचं दुसरं टोक झुल्याच्या फासाला नुसत्या गाठीनं अडकवायचं. ती गाठ मला कुणाकडून शिकावी लागली नाही. दोरी फासातून वर काढायची, मागून एक वेढा द्यायचा आणि शेपटी तिच्याच खाली दुमडून खोचायची, म्हणजे ओढली की सुटते. तू झोळी अशीच बांधायचीस. लुगड्याचं टोक दुमडून त्याचा फास करायचीस आणि छताच्या पाइपावरून सोडलेली दोरी त्यात अडकवायचीस. मी बाजूला बसून बघायची. रविवारी पहिल्यांदाच स्वतःचा झुला बांधताना तुझे हात आठवले, आणि इतरांची पुस्तकातली शिकवणी चालली असताना माझं झालंसुद्धा, याचा मला अभिमान वाटला.

झुल्यात बसले, जरा हेलकावा घेतला, आणि डोक्याकडची दोरी हळूच सरकली. मी खाली. गटाची प्रमुख, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, धावत आली. मला उठवून तिनं दोरीचं टोक हातात धरून पाहिलं.

"गाठ बरोबर हाय ताई. तुमची दोरी गुळगुळीत हाय ना, म्हणून हालली की सरकते. सुती असती तर काही झालं नसतं. हिले एक वेढा जास्त द्या अन् शेपटी लांब ठेवा."

तिनं करून दाखवलं. बाकीचे हसले, मीही हसले असेन. मग मी एका दगडावर जाऊन बसले, आणि चहा आला तरी उठवेना.

वाडीची आपली खोली. टिनाचं छत, बाहेर ट्रकांचा धुरळा. माझा भाऊ, आपला धाकटा, तेव्हा नुकता रांगायला लागला होता. झोळीची सुती दोरी विरली होती, म्हणून बाबा गोदामातून नायलॉनची हिरवी दोरी घेऊन येतात. तू ती बोटांवरून फिरवून बघतेस. "सुती पाह्यजे होती. हे हातात थांबत नाही." बाबा म्हणतात, "ट्रकचा माल बांधतो आम्ही याच्यानं. पोरगं काय ट्रकापेक्षा जड हाय?" तू बांधतेस. संध्याकाळी तू भाकरी थापतेस, मी झोका देते आहे, आणि झोळी एका बाजूनं सुटते.

धाकट्याच्या कोपराचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, शेजारच्या बायांसमोर, बाबा तुला म्हणाले, "एक गाठ बांधता येत नाही तुले." त्यानंतर तू घरात काही बांधलं नाहीस. कपड्यांची दोरी असो की पिठाची पिशवी, मला हाक मारायचीस, "बांधून दे वं, माह्या हातची गाठ राहत नाही." धाकट्याचा हात पुरता सरळ झालाच नाही. पोलीस भरतीत त्याला तेवढ्यावरून बाजूला काढलं, तेव्हा तो हसत घरी आला आणि तू स्वयंपाकघरात पाठ करून बसलीस. शेवटच्या आजारपणातही त्याचा तोच हात हातात घेऊन बसायचीस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळायचं. पण तुझी चूक नव्हती, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

घरी आले तर बाबा टीव्हीपुढे बसले होते. ते आता इथं, प्रताप नगरला माझ्याकडेच असतात. मी टीव्ही बंद केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"आता काहून काढून राहिली वं तू ते?"

"बाबा, गाठ बरोबर होती. दोरी सरकली."

"मले माहीत हाय."

मला वाटलं, मी सांगितलं ते त्यांना पटलं. पण ते पुढे बोलले. "गोदामात हमाल लोक नायलॉनले डबल वेढा मारत. मी रोज पाहो. दवाखान्यातच ध्यानात आलं माह्या, का तिले ते सांगायचं राह्यलं."

"मग नंतर तरी सांगायचं."

"सांगणार होतो. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता..." त्यांनी हात उचलून खाली ठेवला. "मंग बोलायचं तोंडच नाही राह्यलं."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज चढला होता एवढं खरं. तू जन्मभर जे ओझं वाहिलंस ते त्यांच्या एका वाक्यानं उतरलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडाशी होतं, रोज. धाकट्याला फोन लावला, पण त्याच्या पोरांचा गलका ऐकून परीक्षेचं तेवढं विचारलं आणि ठेवून दिला. त्याला सांगायला हवं. सांगितलं तर तो बाबांना भेटायला येणं बंद करील, अशी भीती वाटते.

तुझ्या बाजूनं कुणीतरी उभं राहावं म्हणून मी हे लिहायला बसले. पण तुझ्यापासून काय लपवायचं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. ताट तसंच पुढे ठेवून, मान खाली घालून बसले. मी रागानं आत निघून गेले, आणि थोड्या वेळानं परत येऊन त्यांना वरणभात कालवून भरवला.