काचेचा वाडगा

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून तुमचंच वाक्य वापरतो. "हिच्या अंगाला मी कधी बोट लावलं नाही." पाहुण्यांसमोर तुम्ही हे म्हणायचात आणि आई मान खाली घालून पोहे वाढत राहायची. परवा मी ते इंग्रजीत म्हणालो, इथे परदेशात, हॉर्नबीतल्या आमच्या कारखान्यात, दहाच्या चहाला. भूकंपात पडलेली घरं इथे अजून बांधून होताहेत, त्यांच्या स्वयंपाकघरांची कपाटं आम्ही बनवतो. आमची फोर्कलिफ्ट चालवणारी बाई पांढऱ्या फितींचा डबा घेऊन आली, बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध पुरुषांनी छातीवर लावायच्या त्या. तिच्या बहिणीला नवऱ्याने मारून हॉस्पिटलात पाठवलं होतं. म्हणाली, "दरवेळी आम्ही बायकांनीच का बोलायचं? आता तुम्ही बोला." एकाने "स्वीट ॲज", म्हणजे इथलं 'मस्त', म्हणत फीत लावली आणि बिस्किट उचललं. दुसरा म्हणाला, पुरुषांनाही मार बसतो. मी छाती काढून सांगितलं, मी कधी हात उचललेला नाही, माझ्या वडिलांनीही नाही. ती म्हणाली, "छान. पण घरात कुणी तुला घाबरतं का?"

डोकंच फिरलं माझं. हिला काय करायच्यात नसत्या चौकशा! घरी जेवताना तेच उगाळत बसलो. बायको म्हणाली, "प्रश्न काही चुकीचा नव्हता हं." झालं! मी टेबलावर हात आपटला, "म्हणजे मी काय राक्षस आहे?" आणि आईने माझ्याकडे न बघता कोशिंबिरीचा काचेचा वाडगा अलगद उचलून पलीकडे ठेवला. चार महिने राहायला आली आहे ती. भूकंपापासून इथे सगळेच काच जपतात, तिनेही ते ऐकलंय, म्हणून मी म्हटलं, "आई, घाबरू नकोस, हादरा नव्हता तो." ती म्हणाली, "माहीत आहे रे. सवय आहे मला." मग मी लेकीकडे पाहिलं. आठ वर्षांची आहे. तिने आपला पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. "काय झालं गं?" "नथिंग, बाबा. जस्ट होल्डिंग इट."

तेव्हा मला तुमचं ताट आठवलं. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून तुम्ही भिरकावलंत ते. आईला नाही लागलं, भिंतीला लागलं. खरंच, बोटसुद्धा लावलं नव्हतंत. कॅलेंडरवरून आमटी ओघळतेय आणि मी चिनी मातीचे तुकडे वेचतोय. दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरात फक्त स्टील. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या सायकलला नवी घंटी बसवून दिलीत, आणि मी वेड्यासारखी वाजवत सुटलो. तुम्ही मला फार आवडायचात हो, तीच तर पंचाईत आहे. पण जिन्यात तुमच्या चपलांचा आवाज आला की आई आमटी पुन्हा एकदा चाखून बघायची, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काल चहाला सांगितलं, सगळ्यांसमोर. ताट, भिंत, स्टीलची भांडी, सगळं. कुणी बिस्किटाला हात लावला नाही. 'पुरुषांनाही' म्हणणारा तो गडी कप खाली ठेवून म्हणाला, "आमच्याकडे दारं आपटायची." त्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "थँक्स, मेट." मला इतकं बरं वाटलं, की आता त्याचीच लाज वाटते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही चष्मा काढला असतात आणि विचारलं असतंत, "माझं सांगितलंस. तुझं?" बाबा, लेकीच्या ग्लासाचा विषय मी तिथे काढलाच नाही. त्या बाईने विचारलं होतं माझ्याबद्दल. मी तुमचं नाव पुढे केलं.